रकाना आधी की रक्त आधी?

पिंप्राळ्यात व्याख्यान आणि विषय जीनोमचा, हे कळल्यावर आमच्या एका स्नेह्यांनी फोन करून विचारलं, "सर, तत्त्वज्ञान संपलं का?" संपलेलं नाही. उलट आमच्या जुन्या वर्गात जे प्रश्न कंटाळवाणे म्हणून पोरं मागच्या बाकावर डुलक्या घ्यायची, ते आता जीनोमवाल्यांच्या दारात उभे राहिले आहेत.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी मानवी जीनोमवर काम करते. प्रयोगशाळेत नाही, संगणकावर. दिवाळीत घरी आली होती, तेव्हा आम्ही विचारलं, बाई गं, तू दिवसभर करतेस तरी काय? ती म्हणाली, "सर, मी रक्ताचा थेंबसुद्धा पाहिलेला नाही. माझ्याकडे फाइली येतात. एका मोठ्या फाइलीत प्रत्येक माणसाची लाखो ठिकाणची अक्षरं. आणि एक छोटी फाइल असते, तिच्यात प्रत्येक नमुन्यासमोर तीनच गोष्टी: क्रमांक, लिंग आणि गट." आम्ही विचारलं, तो गट कोण लिहितं? ती म्हणाली, "तो आधीच लिहिलेला असतो."

आजचं सगळं व्याख्यान या एका वाक्यावर आहे. समोर ठेवायला एक पुस्तक घेतलं आहे. डेव्हिड राइक हे हार्वर्डचे जनुकशास्त्रज्ञ. आपण कोण आहोत आणि इथवर कसे आलो, असं सांगणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक २०१८ मध्ये आलं. त्यातलं सहावं प्रकरण भारताबद्दल आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते वाचलं नसेल, पण त्यातली वाक्यं व्हॉट्सअ‍ॅपवरून तुमच्यापर्यंत पोचलेली असणार, आणि पोचताना त्यांचं काय झालं असेल ते देव जाणे.

प्रथम जे चांगलं ते सांगून टाकू. संगणकीय संशोधकाचं काम म्हणजे काय, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारं लेखन कमी आहे. माणसाचा जीनोम म्हणजे सुमारे तीनशे कोटी अक्षरं. तुमच्याआमच्यात फरक पडतो तो साधारण हजारात एका ठिकाणी. तेवढे फरक मोजायचे, कोणते फरक कोणाबरोबर जातात ते बघायचं आणि त्यावरून पूर्वी कोण कोणात मिसळलं याचं अनुमान करायचं. राइक यांचे जोडीदार निक पॅटरसन हे गणिती. ते आधी ब्रिटिश सरकारसाठी गुप्त संदेश फोडायचे, मग शेअर बाजारातल्या एका कंपनीत आकडे फोडायला गेले आणि मग जीनोमकडे वळले. हे आम्हाला फार बोलकं वाटतं. ज्याला भाषा येत नाही पण अक्षरांची वारंवारता कळते, अशा माणसाने लावलेला हा अर्थ आहे. त्यात त्याचं बळ आहे आणि आमची तक्रारही तिथूनच सुरू होते.

प्रकरणातला सर्वात जिवंत भाग ऑक्टोबर २००८ मधला हैदराबादचा आहे. राइक आणि पॅटरसन आपले पहिले निष्कर्ष घेऊन सीसीएमबी या संस्थेत आले. लालजी सिंग आणि के. थंगराज हे तिथले सहकारी. निष्कर्ष असा, की आजचे बहुतेक भारतीय दोन फार वेगळ्या प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झालेले आहेत, आणि त्यातला एक समूह युरोप, मध्य आशिया आणि पश्चिम आशियातल्या लोकांच्या जवळचा. पाहुण्यांनी त्याला 'पश्चिम युरेशियन' म्हटलं. यजमान अडले. बाहेरून लोंढे आले असं तुमची आकडेवारी दाखवते का? इथून तिकडे गेले असतील तर? राइक लिहितात, की ते चोवीस तास त्यांच्या वैज्ञानिक आयुष्यातले सर्वात तणावाचे होते. शेवटी नवी नावं निघाली, 'प्राचीन उत्तर भारतीय' आणि 'प्राचीन दक्षिण भारतीय'. २००९ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला. २५ गट, १३२ माणसं. बहुतेक गटांमध्ये पहिल्या घटकाचा वाटा ३९ ते ७१ टक्के.

हा प्रसंग वाचून आपल्याकडे दोन प्रकारचे लोक खूश होतात. एक म्हणतात, बघा, राजकारणापुढे विज्ञान वाकलं. दुसरे म्हणतात, बघा, आपल्या लोकांनी गोऱ्यांना वेळीच आवरलं. आम्हाला दोन्ही पटत नाही. त्या वेळी हातात जे पुरावे होते ते एवढंच सांगत होते, की दोन टोकं आहेत आणि मधे सगळे पसरले आहेत. कोण कुठून कुठे गेलं हे त्या आकड्यांत नव्हतं. म्हणजे 'पश्चिम युरेशियन' हे नाव पुराव्याच्या पुढे धावत होतं, आणि यजमानांचा आक्षेप, हेतू काहीही असो, तर्काच्या दृष्टीने बरोबर होता.

पुढे २०१९ मध्ये पाचशेहून जास्त प्राचीन सांगाड्यांचा डीएनए हाताशी आला आणि इसवी सन पूर्व २००० ते १५०० या काळात गवताळ प्रदेशातले लोक दक्षिण आशियात आले याला आधार मिळाला. म्हणजे पाहुण्यांचा अंदाज त्या बाबतीत खरा निघाला. पण बघा, गोष्ट खरी असणं वेगळं आणि ती म्हणायला आज आपल्याकडे कारण असणं वेगळं. अंधारात दगड मारला आणि आंबा पडला, तर नेम चांगला आहे असं होत नाही. यथार्थ ज्ञान आणि प्रमाणाने मिळालेलं ज्ञान यांचा हा जुना वाद आम्ही तीस वर्षं शिकवला, आणि त्याला इतकं चांगलं उदाहरण आम्हाला कधी मिळालं नव्हतं.

आणि तडजोडीची नावं तरी काय टिकली? दहा वर्षांत असं दिसलं, की 'प्राचीन उत्तर भारतीय' आणि 'प्राचीन दक्षिण भारतीय' हे दोघेही स्वतःच मिश्र होते. दोघांतही सिंधूच्या परिसरातल्या लोकांचा वाटा. एकात त्यावर गवताळ प्रदेशाची भर, दुसऱ्यात इथल्या त्याहून जुन्या शिकारी लोकांची. राइक यांनी हे लपवलेलं नाही, त्यांच्या पुस्तकातच त्याची चाहूल आहे. पण मधल्या काळात ती नावं शाळेच्या वर्गापर्यंत आणि निवडणुकीच्या सभेपर्यंत पोचली होती. त्याच २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या राखीगढीच्या उत्खननातून मिळालेल्या एका स्त्रीचा डीएनए प्रसिद्ध झाला. एकसष्ट नमुन्यांतून एकच बाई हाती लागली, आणि तिच्याही जीनोममधली सुमारे ३१ हजार ठिकाणंच वाचता आली. तिच्यात गवताळ प्रदेशाचा अंश नाही. एवढ्यावरून वर्तमानपत्रांनी 'आर्य आलेच नाहीत' असे मथळे दिले. ती बाई आर्यांच्या येण्याच्या आधीची असेल, तर तिच्यात तो अंश कसा सापडेल? सासूच्या लग्नाच्या फोटोत सून का नाही, असं विचारण्यासारखं आहे हे. दोन्ही निबंध एकाच आठवड्यात आले, काही लेखकही तेच. पण मथळ्यासाठी एकच पुरतो.

आता संशोधकाच्या टेबलाजवळ जाऊ. त्यांच्याकडे अशी सॉफ्टवेअर असतात, की माणसांची अक्षरं घाला आणि किती मूळ घटक मानायचे तो आकडा द्या. त्या आकड्याला ते 'के' म्हणतात. आपल्याकडे भरताची वांगी विकणाऱ्या बाईला सांगा, मावशी, या पाटीचे तीन ढीग करा. ती तीन करील. पाच करा म्हटलं तर पाच करील, आणि प्रत्येक ढिगाला काहीतरी कारण दाखवील, हे हिरवं, हे पांढुरकं, हे भाजायला बरं. ढीग खोटे नाहीत. पण तीन की पाच हे वांग्यांनी सांगितलेलं नाही. राइक यांना भारतात दोन घटक दिसले. २०१६ मध्ये कल्याणीच्या राष्ट्रीय संस्थेतले पार्थ मजुमदार, अनलाभ बसू आणि नीता सरकार-रॉय यांना मुख्य भूमीवर चार दिसले. त्यांनी मुंडा आणि तिबेटी-बर्मी भाषा बोलणारे गट आपल्या पाटीत घेतले होते. कोणता आकडा चांगला बसतो हे तपासायच्या कसोट्या आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पण पाटीत काय घेतलं त्यावर उत्तर बदलतं, आणि हे सांगण्याची जबाबदारी सांगणाऱ्याची असते.

या दुसऱ्या निबंधातली एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण ती आपल्या मराठी कानांना गमतीची आहे. त्यांनी हिशेब केला, की गटागटांमधलं मिसळणं सुमारे ७० पिढ्यांपूर्वी एकाएकी थांबलं. एक पिढी साडेबावीस वर्षांची धरली. ७० गुणिले साडेबावीस म्हणजे १५७५ वर्षं. म्हणजे पाचवं शतक. म्हणजे गुप्तांचा काळ. म्हणजे धर्मशास्त्रांचे नियम कडक झाले तो काळ. झालं, इतिहास लागला! पण राइक यांच्याच गटातल्या प्रिया मूरजानी यांनी २०१३ मध्ये मिश्रणाचा काळ काढताना पिढी २९ वर्षांची धरली होती. आता तुम्हीच घरी करून बघा. ७० गुणिले २९ म्हणजे २०३० वर्षं. मग गुप्त जातात आणि पैठणचे सातवाहन येतात. एक गुणाकार बदलला की राजा बदलतो. पिढ्यांचा आकडा जीनोममधून आला, पिढीची लांबी मानवी अंदाजातून आली, आणि राजा पाठ्यपुस्तकातून. तिन्ही एका ओळीत लिहिले की वाचणाऱ्याला वाटतं सगळं रक्तानेच सांगितलं.

असो. आम्ही गणिताला नावं ठेवायला आलेलो नाही. नावं ठेवायला आलो आहोत ती नावांनाच.

हा रकाना संगणकाने आणलेला नाही. त्याचा जुना पत्ता पुण्याचा आणि कोलकात्याचा आहे. कोलकात्यात महालनोबिस यांनी माणसांची डोकी, नाकं, उंची यांची मापं घेऊन दोन गट एकमेकांपासून किती दूर आहेत हे मोजायची एक रीत काढली. १९३६ चा तो निबंध. आज बँका फसवणूक पकडायला आणि कारखाने बिघाड पकडायला तीच 'महालनोबिस अंतरा'ची रीत वापरतात. तिचा जन्म मात्र कोणती जात कोणाच्या किती जवळ या प्रश्नातून झाला. आणि पुण्यात इरावतीबाई कर्वे. मराठी माणूस त्यांना 'युगान्त'मुळे ओळखतो. पण बाईंचं रोजचं काम मोजण्याचं होतं. बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्या मोजल्या. फिशर यांना गोऱ्या माणसाच्या कवटीत श्रेष्ठत्वाचा पुरावा हवा होता. बाईंनी मोजलं आणि सांगितलं, असा वांशिक फरक इथे दिसत नाही. पंचविशीतली परदेशी विद्यार्थिनी आपल्या गुरूला, तेही त्या काळातल्या बर्लिनमध्ये, हे सांगते! पुढे १९५१ मध्ये वि. म. दांडेकरांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या मापांचा ग्रंथ काढला. होय, तेच अर्थशास्त्रज्ञ दांडेकर, दारिद्र्याचा अभ्यास करणारे. एकाने माणसं मोजायची, दुसऱ्याने आकडेमोड करायची. आज जिला संगणकीय संशोधन म्हणतात ती जोडी मराठीत तेव्हाच जमली होती, आणि देशात तेव्हा एकही संगणक नव्हता.

बाईंच्या कामातलं आम्हाला सर्वात मोलाचं वाटतं ते १९६८ चं, कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबरचं. महाराष्ट्रातले ब्राह्मण म्हणवणारे आठ गट त्यांनी घेतले आणि विचारलं, नाव एक आहे, पण ही माणसं शरीराने एकमेकांच्या जवळ आहेत का? फरक निघाले. म्हणजे वर्णाच्या नावाचा रकाना त्यांनी मोजमापासमोर आरोपी म्हणून उभा केला. ही खरी संशोधकाची चाल. पण पोटजातीचा रकाना? तो त्यांनी तसाच ठेवला. पोटजात हे एकक धरूनच त्यांनी मोजलं. एक रकाना तपासायला दुसरा न तपासलेला रकाना लागतो, ही या शास्त्राची गोची आहे, आणि ती इरावतीबाईंपासून राइकपर्यंत तशीच चालत आली आहे.

इथे आम्हाला आमच्या जुन्या नैयायिकांची आठवण होते. न्यायशास्त्रात 'जाती' म्हणजे सामान्य. सगळ्या गायींमध्ये जे एक असतं ते गोत्व, ती जाती. आणि 'उपाधी' म्हणजे आपण बाहेरून लावलेला गुणधर्म. स्वयंपाकी असणं ही उपाधी. तो चूल सोडून गेला की ती गेली. प्रत्येक नावामागे जाती असतेच असं नाही, म्हणून दहाव्या-अकराव्या शतकात उदयनाचार्यांनी 'किरणावली'त जातीला अडवणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या. त्यातली एक आहे संकर. दोन धर्म असे असले, की पहिला कुठेतरी दुसऱ्याशिवाय सापडतो, दुसरा कुठेतरी पहिल्याशिवाय सापडतो, आणि कुठेतरी दोन्ही एकत्र सापडतात, तर ते खरे सामान्य नव्हेत. शास्त्रातलं उदाहरण भूतत्व आणि मूर्तत्व यांचं. आकाश भूत आहे पण मूर्त नाही, मन मूर्त आहे पण भूत नाही, पृथ्वी दोन्ही आहे.

तुम्हाला जवळचं उदाहरण देतो. यावल, रावेर, चोपड्याकडचे तडवी बांधव बघा. जमातीने भिल्ल, धर्माने मुसलमान. भिल्ल असून मुसलमान नसलेले सातपुड्यात भरपूर, मुसलमान असून भिल्ल नसलेले जळगाव शहरात भरपूर, आणि तडवींमध्ये दोन्ही एकत्र. आता त्या मुलीच्या छोट्या फाइलीत तडवी माणसासमोर गट काय लिहायचा? जो रकाना भराल तसं चित्र निघेल. उदयनाचार्य म्हणाले असते, बाबांनो, ही उपाधी आहे, हिला जाती म्हणू नका. आणि राइक यांचे दोन प्राचीन समूह तर या कसोटीपर्यंतही येत नाहीत. संकरासाठी दोन्ही धर्म निदान कुठेतरी एकेकटे सापडावे लागतात. मुख्य भूमीवर आज ते निखळ कुठेच सापडत नाहीत, म्हणून तर अंदमानातल्या ओंगे लोकांना दूरचे नातेवाईक मानून हिशेब करावा लागला. जेमतेम शंभराच्या आसपास उरलेली ती माणसं साऱ्या देशाच्या हिशेबात मोजपट्टी म्हणून उभी आहेत, आणि त्यांना या व्याख्यानाचं काही देणंघेणं नाही.

पुढच्या काही नव्य नैयायिकांनी संकराचा अडसर मानला नाही हे आम्हाला माहीत आहे. कोणी तज्ज्ञ बसले असतील तर त्यांनी नंतर आमचे कान धरावेत. पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शास्त्रात 'ब्राह्मणत्व ही जाती आहे का' असा वाद शेकडो वर्षं चालला. बौद्ध आणि जैन तार्किक म्हणाले, गाय आणि घोडा यांतला फरक दिसतो तसा इथे काही दिसत नाही. कुमारिल भट्टांनी उत्तर दिलं, की ब्राह्मणत्व प्रत्यक्षच दिसतं, पण ते दिसायला आईवडील कोण हे आधी माहीत असावं लागतं. म्हणजे काय? म्हणजे छोटी फाइल आधी वाचायची आणि मग मोठी फाइल उघडायची. सातव्या शतकातलं उत्तर आणि आजची कार्यपद्धती यांत हे साम्य दिसल्यावर आम्ही दोन दिवस अस्वस्थ होतो.

मग जात नावाचं काही जीनोममध्ये नाहीच का? आहे, आणि इथे राइक यांचं म्हणणं भक्कम आहे. जात ही इंग्रजांच्या राज्यात घट्ट झालेली गोष्ट, असं निकोलस डर्क्स यांच्यासारखे अभ्यासक मांडतात. राइक त्यांना आंध्रातल्या वैश्य समाजाचं उदाहरण देतात. पन्नास लाख लोक, पण जीनोम सांगतो, की दोन-तीन हजार वर्षं हे लोक जवळपास आपापसातच लग्नं करत आलेत. भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका औषधाने त्यांच्यातल्या काहींचे स्नायू फार वेळ लुळे राहतात, आणि हे तिथल्या डॉक्टरांना ठाऊक आहे. रक्तात रेघ आहे. पण ती कोणी ओढली? १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी निबंध वाचला. जातीचं सार एकच, आपल्याच गटात लग्न करण्याची सक्ती. भारतातले लोक तर आधीच एकमेकांत मिसळलेले होते. जात आली ती नंतर, मिसळलेल्या समाजावर कुंपणं घालून. मूरजानी यांचा २०१३ चा हिशेब काय सांगतो? ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी जोरदार मिश्रण, आणि मग बंद. क्रम तोच. आंबेडकरांकडे ना रक्ताचा नमुना होता, ना संगणक. त्यांनी लग्नं पाहिली होती. म्हणून आम्ही म्हणतो, रकाना आधी आणि रक्त नंतर. कुंपण घातलं गेलं, मग शेकडो वर्षांनी त्याची सावली जीनोमवर पडली. ती सावली मोजणं हे शास्त्र. तिला मूळ समजणं ही चूक.

ही काही नुसती शब्दांची कसरत नाही. आता सातपुड्याकडे बघा.

सिकलसेल तुम्हाला सांगायला नको. नंदुरबार, धुळे आणि आपल्या जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात पावरा, भिल्ल घरांमध्ये तो आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं, तेही जीनोममधल्या एका अक्षरामुळे. एकाच पालकाकडून आलं तर माणूस धडधाकट, उलट हिवतापाला थोडा जास्त टिकणारा. दोघांकडून आलं तर सांधे ठणकतात, रक्त कमी होतं, लेकरू दवाखान्याच्या फेऱ्या मारत राहतं. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक वेळी चारात एक अशी शक्यता. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा. मोहीम आदिवासी भागांवर रोखलेली आहे. जिथे प्रमाण जास्त तिथे आधी जावं हे बरोबरच. इथे रकाना उपयोगी पडतो, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

पण ते एक अक्षर जातीचा दाखला वाचत नाही. विदर्भात आदिवासी नसलेल्या समाजांमध्येही सिकलसेल आहे. रकाना एकदा निदान होऊन बसला, की आदिवासी नसलेल्या घरातलं फिकट, हातपाय दुखणारं पोर लोहाच्या गोळ्यांवर काढलं जाईल, आणि आदिवासी घरातल्या प्रत्येक दुखण्याला सिकलसेलचं नाव मिळेल. डॉक्टरने फाइल वाचली, माणूस वाचला नाही, असं होईल.

आणि लग्नाचं काय? राइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातले २६३ गट तपासले. त्यातल्या ८१ गटांमध्ये थोड्याशा पूर्वजांपासून वाढल्याचा ठसा फिनलंडच्या आणि अश्केनाझी ज्यू लोकांपेक्षाही ठळक निघाला. त्यातले चौदा गट दहा लाखांहून मोठे. अशा गटांत दोन्हीकडून तोच दोष येण्याचा धोका जास्त. त्यावर सुचवलेला उपाय असा, की भारतात लग्नं घरचे जमवतात, तेव्हा लग्नाआधी तपासणी करून जुळवणी करता येईल, जशी परंपरानिष्ठ ज्यू समाजातली दोर येशोरिम ही संस्था करते. उपाय दयाळू आहे. पण दोर येशोरिम चालते ती गुप्ततेवर. मुलामुलींना नुसता क्रमांक मिळतो. जुळतं की नाही एवढंच सांगतात, कोण वाहक ते सांगत नाहीत. आपल्याकडे बायोडाटा एका मावशीच्या पिशवीतून निघून आठवड्यात चार तालुके फिरतो! पाड्यावरच्या एखाद्या मुलीचं वाहक असल्याचं कार्ड त्याच वाटेने फिरलं तर? ती आजारी नाही. तिचं कार्ड मात्र आजारी ठरेल. आणि मुलाचं कार्ड कोणी मागणारसुद्धा नाही, हे आम्ही या गावात राहून शिकलो आहोत.

त्याहून खोल गोष्ट अशी, की हा उपाय कुंपण तसंच ठेवतो. ज्या आपापसातल्या लग्नांमुळे धोका वाढला, तीच चालू ठेवा, फक्त आत चाळणी लावा. कुंपणाबाहेर लग्न झालं तर अशा दुर्मीळ दोषांच्या जोड्या जुळण्याची शक्यताच उतरते. हे सांगायला महासंगणक लागत नाही, आणि आंबेडकरांनी वेगळ्या कारणाने ते सांगूनही झालं आहे. शास्त्रज्ञ म्हणतील, समाज बदलणं आमचं काम नाही. बरोबर. पण कुंपण हे निसर्गासारखं गृहीत धरणं हेही त्यांचं काम नाही. सिकलसेलला एवढंच पुरणार नाही हेही सांगतो. वाहक जिथे मोठ्या संख्येने आहेत तिथे तपासणी, औषध आणि रक्त लागणारच, तेही धडगावच्या पाड्यावर वेळेत.

आषाढीला आपला रथ निघतो तेव्हा दोर ओढायला शेकडो हात असतात. पण रथ वळतो तो मोगरीवाल्यांमुळे. चाकाखाली कधी, कुठे मोगरी सरकवायची हे त्या चार-दोघांना कळतं, आणि गर्दीचं त्यांच्याकडे लक्षही नसतं. त्या मुलीला आम्ही म्हटलं, तुझी छोटी फाइल ही मोगरी आहे. लाखो अक्षरं दोर ओढतात, वळण तिसरा रकाना देतो. ती हसली आणि म्हणाली, "सर, आमच्याकडे कोणी विचारत नाही. मी विचारलं तर म्हणतात, नमुना गोळा करणाऱ्यांना विचार. त्यांना विचारलं तर म्हणतात, लोकांनीच सांगितलं." मग तिने एक गोष्ट केली. एका गटाच्या नमुन्यांबरोबर आलेले मूळ फॉर्म मागवले. त्यावर गावाचं नाव होतं, बोलीचं होतं, आजीचं माहेर कुठलं हेही होतं. फाइल तयार करताना कोणीतरी हे सगळं गाळून एकच शब्द ठेवला होता. आजीच्या माहेराचा रकाना तिने परत जोडायला घेतला आहे. वरिष्ठ म्हणाले, यात दोन महिने जातील. जाऊ देत म्हणाली.

तिचं उत्तर आलं की पुढच्या सत्रात सांगू. आता प्रश्न घेऊ या. मागे बसलेल्या ताईंनी मघाशी कुमारिलांचं नाव निघालं तेव्हाच हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरुवात करू.